हुगळीचा गाळ, समुद्राचं मीठ : प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२३, प्रयोगशाळा

नदीच्या पाण्यातलं रेडियम टिपायला लागणारं फायबर काळं करायचं काम आज उरकलं. ॲक्रिलिकचा पांढरा पिंजलेला धागा, स्वस्त स्वेटरच्या लोकरीच्या जातीचा, पोटॅशियम परमँगनेटच्या गरम द्रावणात बुडवून ठेवायचा. तापमान ७० ते ८० अंशांच्या मध्ये. त्याखाली रंग नीट चढत नाही आणि वर गेलं की क्रिया आपली आपण तापत जाते, धाग्याचा लगदा होतो. दुसऱ्या घाण्याचं तेच झालं. फोन आला म्हणून पाच मिनिटं बाहेर गेलो, परत येईतो बादलीत काळी पेज. बाकीचे तीन घाणे नीट उतरले. ३६ पिशव्या भरल्या. हातमोजे फाटके निघाल्यामुळे नखं तपकिरी झाली आहेत. रात्री आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, मेंदी कुणाच्या लग्नाची?

धाग्यावर मँगनीज डायऑक्साइडचा थर बसतो आणि पाण्यातलं रेडियम त्याला चिकटतं. ही युक्ती अमेरिकी भू-रसायनशास्त्रज्ञ विलर्ड मूर यांनी १९७०च्या दशकात रुळवली. ती नसती तर आम्ही पिंपंच्या पिंपं पाणी ट्रकने घरी आणत बसलो असतो. आता पाणी नदीला परत द्यायचं आणि मूठभर काळी लोकर तेवढी घेऊन यायची.

एवढं पाणी लागतंच कशाला? खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावरच्या १,००० लिटर पाण्यात रेडियम-२२६ची सेकंदाला साधारण एक ते दीड विघटनं होतात. त्याच समुद्राच्या एका लिटरमध्ये पोटॅशियम-४०ची सेकंदाला बाराएक. म्हणजे लोक ज्याच्या नावाने घाबरतात ते जत्रेत हरवलेलं पोर आहे आणि आपल्याला ते हुडकायचं आहे.

३ सप्टेंबर

गाईड मॅडमबरोबर बैठक. ठरलं ते असं : हुगळीचं मुख, डायमंड हार्बरपासून सागर बेटाच्या दक्षिणेपर्यंत. दोन खेपा, एक पावसाळ्याच्या शेवटी आणि एक मार्चमध्ये. गंगा-ब्रह्मपुत्रा ही जगातल्या सर्वांत जास्त गाळ वाहणाऱ्या नद्यांपैकी. हुगळी त्या पसाऱ्याचं पश्चिमेकडचं बोट. पद्मेच्या, म्हणजे गंगेच्या बांगलादेशातल्या प्रवाहाच्या, मुखाशी जायला परदेशी परवाने लागतील, हुगळीला काकद्वीपचा लॉट नंबर आठचा धक्का पुरेल.

प्रश्न साधा आहे. युरेनियम, थोरियम, रेडियम एकाच घराण्यातले, एकातून दुसरं जन्मतं. पण नदीचं पाणी समुद्राला भेटलं की तिघं तीन दिशांना जातात. युरेनियम कार्बोनेटचा हात धरून पाण्यात विरघळलेलं राहतं, गाळाकडे ढुंकूनही पाहत नाही, लाखो वर्षं समुद्रात फिरतं. थोरियम पाण्यात जन्मलं रे जन्मलं की दिसेल त्या कणाला चिकटतं आणि त्याच्याबरोबर तळाला जातं. रेडियम गोड्या पाण्यात थोरियमसारखं वागतं आणि खाऱ्या पाण्यात युरेनियमसारखं. आमचा सगळा प्रकल्प या दलबदलूपणावर उभा आहे.

रेडियमचे चार समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजायचे. २२४चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ३.६६ दिवस, २२३चं ११.४ दिवस, २२८चं पावणेसहा वर्षं, २२६चं १,६०० वर्षं. रसायन चौघांचं एकच, फक्त घड्याळं वेगळी. या चौघांचा चौकडी म्हणून एकत्र वापर करायची कल्पना राम आणि मूर यांनी १९९६ साली खारट दलदलींच्या कामात मांडली. हे राम म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. १९६१ मध्ये कोइडे आणि गोल्डबर्ग यांच्यासोबत नैसर्गिक पाण्यातलं शिसं-२१० मोजणाऱ्यांतही तेच होते. आज गाळाच्या थरांची वयं शिसं-२१० वरून सर्रास काढतात, त्याची सुरुवात तिथली. कुलाब्यातून बसने जाताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

१८ सप्टेंबर, काकद्वीप

२२४ दर साडेतीन-पावणेचार दिवसांनी निम्मं होतं, म्हणून मोजणीयंत्र सोबतच आणावं लागलं. दोन मोजणीपेट्या, हीलियमचा सिलिंडर, पंप, लॅपटॉप, इन्व्हर्टर. लॉजच्या तळमजल्यावरची खोली मिळाली. मालकीणबाईंनी सिलिंडर पाहून विचारलं, स्वयंपाक इथेच करणार का. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला, बहुधा वरचं भाडं बुडालं.

होडीचे मालक साठीचे आहेत. आमचा प्रकल्प-सहायक इथलाच, तो त्यांना 'काकू' म्हणतो. बंगालीत काकू म्हणजे काका. दिवसभरात मलाही सवय झाली. पण घरी फोनवर 'उद्या पहाटे काकूंबरोबर होडीतून जायचंय' म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता पसरली.

१९ सप्टेंबर

आज गणेश चतुर्थी. मोदक नाहीत, नोलेन गुडाचा, खजुराच्या ताज्या गुळाचा, हंगामही नाही. साधा संदेश आणून यंत्रापुढे ठेवला आणि पार्श्वभूमी मोजायला लावली. रात्रभरात २२०च्या वाहिनीवर (रेडियम-२२४ची मोजणी तिच्यावरून) जवळजवळ शून्य. उत्तम.

यंत्र कसं चालतं ते सहायकाला आज दाखवलं. फायबरवर बसलेल्या रेडियम-२२४ मधून रेडॉन-२२० हा वायू निघतो, हीलियम तो वाहून पेटीत नेतो. पेटीच्या आतल्या भिंतीला झिंक सल्फाइडचा लेप, अल्फा कण आदळला की ठिणगी. रेडॉन-२२० फुटला की त्याचं अपत्य पोलोनियम-२१६ सेकंदाच्या सातव्या भागात फुटतं. म्हणजे एक टिचकी आणि लगेच दुसरी. यंत्र पहिली टिचकी ऐकलं की ६०० मिलिसेकंद दार उघडं ठेवून दुसरीची वाट पाहतं. जोडीने आली तर २२४ची. रेडियम-२२३च्या वंशातली जोडी आणखी उतावळी, दोन मिलिसेकंदांच्या आत. त्यासाठी वेगळं, अगदी चिंचोळं दार. एकट्यादुकट्या टिचक्या सोडून द्यायच्या.

सहायक म्हणाला, म्हणजे जोडीनेच प्रसाद. हो, तसंच.

२२ सप्टेंबर

अष्टमी, म्हणजे भांग, लहान भरती-ओहोटीचे दिवस. उधाणाला इथे पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, होडी एका जागी धरता येत नाही. भांगाला जरा दम खातं. आमच्या कोकणातले तांडेल हेच सांगतील, काकूंनीही हेच सांगितलं.

पहाटे साडेचारला निघालो. डायमंड हार्बर, क्षारता (किलोभर पाण्यातलं मीठ, ग्रॅममध्ये) ०.१. कुल्पी ०.२. काकद्वीपसमोर १.३. प्रत्येक ठिकाणी १०० लिटर.

पाणी म्हणजे पाणी नव्हे, चहा. दूध जास्त झालेला. हे थेट फायबरवर सोडलं तर गाळाच्या कणांच्या पोटातलं रेडियमही मोजलं जाईल, आपल्याला फक्त विरघळलेलं हवं. एक मायक्रॉनची कार्ट्रिज लावली, वीस लिटरला चोंदली. दुसरी लावली, तीही. कार्ट्रिजा मोजून आणल्यात. शेवटी ड्रम रात्रभर निवळायला ठेवायचं ठरलं.

२३ सप्टेंबर

कचुबेडिया, सागर बेटाचं उत्तर टोक, ३.९. सागरच्या दक्षिण टोकाला ९.६. त्याहून बाहेर, जिथे काकू 'आता पुरे' म्हणाले तिथे, १६.८. किनारा दिसेनासा झाला होता. पाण्याचा रंग मात्र अजून मातीचाच.

काल रात्री जे पाहिलं ते लिहून ठेवतो. डायमंड हार्बरचा ड्रम पहाटेपर्यंत होता तसा गढूळ. काकद्वीपचा वरून वीतभर निवळला. आज कचुबेडियाचा ड्रम तर संध्याकाळीच तळ गाठायला लागला, टॉर्च मारली तर गाळाचे कण शेवयांच्या चुऱ्यासारखे गोळा होऊन खाली येताना दिसतात. आजी माठात निवळीची बी उगाळायची किंवा तुरटी फिरवायची. इथे ते काम समुद्राचं मीठ करतं. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. मीठ आलं की तो भार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, बसतात.

आणि याच ऋण भारामुळे रेडियमचे धन आयन त्या कणांना चिकटलेले असतात. मीठ आलं की सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांची इतकी गर्दी होते की मूठभर रेडियमला बाकावर जागा उरत नाही. तिकिटाची सीट असूनही विदाऊटवाल्यांनी उठवावं तसं.

निवळलेलं पाणी फायबरमधून मिनिटाला एका लिटरच्या आत सोडायचं. घाई केली तर रेडियम न धरता निघून जातं. १०० लिटरला जवळजवळ दोन तास. नंतर फायबर सोबत आणलेल्या डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, मीठ आणि उरलासुरला गाळ जावा म्हणून. मग हवेने वाळवायचं, पण ओलसर राहू द्यायचं. फार कोरडं झालं तर रेडॉन धाग्यातच अडकतो, फार ओलं असलं तर पाण्यात अडकतो. पिळलेल्या पंचासारखं हवं. याला मापकही आहे, वजनाचं, पण दहा पिशव्यांनंतर हाताला कळायला लागतं.

२४ सप्टेंबर

रात्री दोनला वीज गेली. इन्व्हर्टरने पंप ओढला, लॅपटॉप नाही. एक मोजणी अर्धी गेली, पुन्हा लावली. बाकी सगळ्या झाल्या.

डायमंड हार्बर : जेमतेम काही. कुल्पी : तेवढंच. काकद्वीप : चढायला लागलं. कचुबेडिया : बरंच वर. सागर : सर्वांत वर. बाहेरचं पाणी : पुन्हा खाली.

नदीत कमी, बाहेर कमी आणि मधेच पोट सुटलेलं. दूध आणि पाणी मिसळलं तर मिश्रण दोघांच्या मधलं कुठलं तरी असतं, दोघांपेक्षा दाट होत नाही. इथे झालंय. म्हणजे मधल्या वाटेवर कुणीतरी रेडियम ओतलं. पुस्तकात हा फुगवटा शंभर वेळा पाहिला होता. हडसन, ॲमेझॉन, मिसिसिपी, सगळ्यांचे आलेख पाठ आहेत. पण लॉजच्या खोलीत, डास मारत, स्वतःच्या सहा ठिपक्यांतून तो वर येताना पाहणं वेगळं.

२६ सप्टेंबर

काकूंनी विचारलं, हे जे मोजताय ते विष आहे का? त्यांच्या मुलाने मोबाइलवर 'किरणोत्सारी' शब्द शोधून त्यांना काहीतरी भयंकर चित्र दाखवलं होतं. सांगितलं की हे हिमालयाच्या दगडातलं आहे, गंगा वाहायला लागल्यापासून येतंय, तुमच्या इलिश माशातही अंशमात्र असतं आणि माझ्या हाडांतही. इलिशचं नाव घ्यायला नको होतं. दुपारभर गप्प होते.

७ ऑक्टोबर, प्रयोगशाळा

दुसरी मोजणी, रेडियम-२२३साठी. २२४ आता बरंचसं मेलं आहे, त्यामुळे चिंचोळं दार स्वच्छ ऐकतं. आकडे लहान, चूक मोठी. आकार मात्र तोच.

२५ ऑक्टोबर

तिसरी मोजणी. महिना झाला, तरी फायबरवर थोडं २२४ दिसतंच. ते पाण्यातलं नव्हे. फायबरला चिकटलेल्या थोरियम-२२८ मधून नव्याने जन्मलेलं. पहिल्या आकड्यातून वजा केलं. हे न करता छापलेले आकडे मी पाहिले आहेत, नावं घेत नाही.

१४ नोव्हेंबर

पाडवा. सगळे घरी. मी बीकर ढवळतोय.

डायमंड हार्बरचा गोड्या पाण्यातला गाळ आणलेला आहे. त्याचे सारखे भाग करून वेगवेगळ्या क्षारतेच्या पाण्यात ढवळले. पाणी आधी फायबरमधून गाळून रेडियममुक्त केलेलं. क्षारता शून्यावर काही सुटत नाही. २ला सुटायला लागतं, ५ला भरपूर, १०-१५च्या पुढे जास्त मीठ घालून फारसा फरक पडत नाही. सुटायचं ते सुटून झालेलं.

मग तोच गाळ खाऱ्या पाण्यात पुन्हा ढवळला. दुसऱ्या धुण्यात २२६ जवळजवळ नाही. एकदा पिळलेलं लिंबू. बाटली तशीच झाकून ठेवली.

७ डिसेंबर

झाकलेली बाटली उघडली, पुन्हा ढवळली. २२४ परत आलंय, पहिल्या दिवसाइतकंच! २२६चा पत्ता नाही.

मॅडमना फोन केला, त्यांना यात आश्चर्य वाटलं नाही, मला वाटलं. कागदावर हे उघडच आहे. गाळात थोरियम घट्ट बसलेलं असतं, मीठ त्याला हलवू शकत नाही. थोरियम-२२८ मधून २२४ काही दिवसांत पुन्हा भरतं. थोरियम-२३२ मधून २२८ भरायला वर्षं लागतात. थोरियम-२३० मधून २२६ भरायला हजारो वर्षं. म्हणजे तळाचा जुना गाळ भरती-ओहोटीने कितीही वेळा उसळला तरी तो २२४ देत राहील, पण २२६ त्याने समुद्राला पहिल्या भेटीतच देऊन टाकलं. नवं २२६ हवं तर नवा गाळ हवा. किंवा दुसरं काहीतरी.

वहीत 'दुसरं काहीतरी'खाली रेघ मारून ठेवली आहे.

१९ जानेवारी २०२४

सप्टेंबरच्या फायबरची राख ८२० अंशांवर केली होती, ती सीलबंद करून तीन आठवडे ठेवली होती, रेडॉन आणि त्याची पिलावळ बरोबरीला यावी म्हणून. आता गॅमा मोजणी झाली. २२६ शिशाच्या ३५२ आणि बिस्मथच्या ६०९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेषांवरून, २२८ ॲक्टिनियमच्या ९११वरून. दोघांचाही फुगवटा आहे. पावसाळ्यात नदी ताजा गाळ आणते, तो मिठाला पहिल्यांदाच भेटतो, सगळं देतो. हिशेब जुळतो.

युरेनियमचे आकडेही आले. क्षारतेबरोबर सरळ रेष, फूटपट्टीने काढल्यासारखी. फक्त उतार अगदी थोडा, कारण गंगेत जगातल्या सरासरी नदीपेक्षा कितीतरी जास्त युरेनियम असतं आणि समुद्रात लिटरला तीन-सव्वातीन मायक्रोग्रॅम. दोन टोकं जवळजवळ असली की रेष आडवीच. सगळीकडे ते इतकं सरळ वागत नाही म्हणा. ॲमेझॉनच्या मुखाशी तळाचा चिखल त्यात देणं-घेणं करतो, आणि जिथे चिखलातला प्राणवायू संपतो तिथे युरेनियम रूप बदलून त्यात रुतून बसतं. आमच्याकडे मात्र एकच वाक्य लिहून पुढे जावं लागणार.

१६ मार्च २०२४, काकद्वीप

दुसरी खेप. नदी बारीक झालीय. १९७५ पासून फराक्क्याचा बंधारा गंगेतून हुगळीत पाणी वळवतो, पूर्ण क्षमतेला ४०,००० क्युसेक, कोलकाता बंदरातला गाळ धुऊन निघावा म्हणून. १९९६च्या करारानुसार ११ मार्च ते १० मे या काळात दर दहा दिवसांना आळीपाळीने भारत आणि बांगलादेश यांना ३५,००० क्युसेकची हमी असते. म्हणजे आमच्या नदीच्या टोकाचं पाणी दिल्ली-ढाक्याच्या पंचांगाने कमीजास्त होतं. खेपेच्या तारखा ठरवताना चंद्र आणि करार दोन्ही पाहिले.

गाडीत डिस्टिल्डचा एक कॅन फुटला. चटईखाली पाणी.

१७-१८ मार्च

अष्टमीचा भांग. डायमंड हार्बरलाच क्षारता ६.२. कुल्पी ९, काकद्वीप १४, कचुबेडिया १९, सागर २५, बाहेर २८. सप्टेंबरमध्ये समुद्रात असलेली सगळी गंमत आता नदीत वर सरकली आहे. तीन ठिकाणी जोड-नमुने घेतले, म्हणून एकूण नऊ, आणि एक ब्लँक : न वापरलेलं फायबर, बाकी सगळे सोपस्कार तेच.

कार्ट्रिजा या वेळी साठ आणल्यात. शहाणपण.

१९ मार्च

ब्लँकवर मिनिटाला ७ जोड्या.

ब्लँकवर! सप्टेंबरमध्ये ०.२सुद्धा नव्हत्या. पहिला विचार : पेटी माखली. उघडून हवेने धुतली, रिकामी चालवली, शून्य. दुसरा विचार : पिशव्यांची अदलाबदल. क्रमांक ताडून पाहिले, नाही. जोड-नमुन्यांतही गोंधळ : होडीवर धुतलेला एक आकडा देतो, लॉजवर धुतलेला त्याचाच जुळा भाऊ दीडपट.

लॉजवर धुतलेला.

सहायकाला विचारलं, धुतलं कशाने? तो म्हणाला, डिस्टिल्ड संपलं होतं, अंगणातल्या हापशाचं घेतलं, स्वच्छ होतं. 'धुऊन घे' मी सांगितलं होतं, कशाने ते सांगितलं नव्हतं. चूक माझी. ती इथे लिहून ठेवतो, म्हणजे लेख लिहिताना 'चार नमुने वगळले' एवढ्या तीन शब्दांत दडवता येणार नाही.

रात्री झोप नाही. हापशाचं पाच-सहा लिटर पाणी फायबरवर गेलं असेल. पाच-सहा लिटरमध्ये, नदीच्या १०० लिटरांच्या जवळपास जाईल एवढं रेडियम?

२० मार्च

सकाळी चहाआधी हापशावर. पाणी चाखलं : मचूळ. क्षारता ५.८. मालकीणबाई म्हणाल्या, हे भांड्यांचं, प्यायचं नाक्यावरच्या सरकारी नळाचं. इथे हे सगळ्यांना ठाऊक असतं : उथळ पाणी मचूळ, गोड पाणी हवं तर शेकडो फूट खाली जावं लागतं.

दोन्ही मोजली. हापसा १० लिटर, नाक्यावरचा नळ ४० लिटर. नाक्यावर रांगेतल्या बायका हसत होत्या, एवढं पाणी काळ्या कापसातून कशाला गाळतोय म्हणून.

हापशाचं लिटरमागे २२४ नदीच्या पंधरापट. नाक्यावरच्या गोड पाण्यात नावापुरतं.

आणि हे बीकरमधलंच गणित आहे. जमिनीखालीसुद्धा वाळू आहे, चिकणमाती आहे, तिच्यावर रेडियम चिकटलेलं आहे. खोलवर पाणी गोड, म्हणून ते तिथेच बसून राहतं. वरच्या थरात खाडीचं मीठ मुरतं आणि रेडियम पाण्यात सुटतं. मीठ मातीला नदीत भेटो की जमिनीत, परिणाम तोच. फरक एवढाच की जमिनीखालचं पाणी जागचं हलायला महिने-वर्षं घेतं, तिथली माती कमी वेळा धुतली जाते आणि ढीगभर मातीला चिमूटभर पाणी.

वहीतलं ते रेघ मारलेलं 'दुसरं काहीतरी' पुन्हा उघडून पाहिलं.

२१ मार्च

चारही ठिकाणी पुन्हा नमुने. काकूंनी जादा फेरीचे पैसे घेतले नाहीत, इलिशच्या गोष्टीला विसरले असावेत. कोलकात्याहून डिस्टिल्डचे सहा कॅन मागवले.

२५ मार्च

दोल पौर्णिमा. आज कुणीही होडी काढणार नाही. सहायक गुलालाने माखून आला, त्याला मोजणीच्या खोलीत येऊ दिलं नाही. उधाणाची पूर्ण फेरी उद्या.

२६ मार्च

कचुबेडियाच्या धक्क्यावर भरतीपासून भरतीपर्यंत दर दीड तासाला नमुना. साडेबारा तास. ओहोटी तळाला गेली तेव्हा काठाचा चिखल उघडा पडला. उताराच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, चिखलातून बारीक धारा झिरपत होत्या. खेकड्यांच्या बिळांतून तर बोटाएवढ्या. काकूंना हे रोजचं, मी गुडघाभर चिखलात उतरून एकीची क्षारता घेतली : ११. शेजारी नदी १८.

२८ मार्च

मोजण्या संपल्या. २२४ भरतीला सर्वांत कमी, ओहोटीच्या तळाला सर्वांत जास्त. पण यावर उड्या मारायच्या नाहीत. २२४ जुना गाळही देतो आणि उधाणाच्या ओहोटीत तळ ढवळला जातोच. निकाल २२६वर. म्हणजे राख, सील, तीन आठवडे.

३ मे, प्रयोगशाळा

मार्चचं गॅमा पूर्ण.

२२६चा फुगवटा मार्चमध्येही आहे, सप्टेंबरपेक्षा उंच. ताजा गाळ कमी असताना. तळाचा गाळ कितीही उसळो, त्याच्याकडे २२६ उरलेलंच नाही, बाटलीने ते दाखवलंय. मूर यांनी १९९७ साली गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाबद्दल हेच म्हटलं होतं : नदी बारीक असतानाही रेडियम आणि बेरियम इतकं बाहेर पडतं की जमिनीखालून येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा धरावा लागतो. पश्चिमेच्या या बोटावर आमचाही आकडा त्याच बाजूला झुकतोय.

मॅडमचा पहिला प्रश्न : नदीकाठी कारखाने आहेत, फॉस्फेट खडकापासून खत बनवताना उरणाऱ्या जिप्सममधलं नसेल कशावरून? फॉस्फेट खडकात युरेनियमच्या घराण्यातलं २२६ भरपूर असतं, त्यामुळे उरलेल्या जिप्सममध्येही येतं. प्रश्न रास्त आहे. पण त्या खडकात थोरियम कमी, म्हणून २२८ त्या मानाने फारच थोडं. आमच्या नमुन्यांत २२८ हे २२६पेक्षा जास्त आहे, हापशातही, खेकड्याच्या बिळाशीही, नदीतही, आणि गुणोत्तर तिघांचं जवळपास एक. मॅडम 'हं' म्हणाल्या. त्यांचं 'हं' म्हणजे पुढचा प्रश्न.

पुढचा प्रश्न : एका हापशावरून अख्ख्या किनाऱ्याचं पाणी मोजणार का?

९ मे

नाही मोजणार. हापशाचा आकडा दुप्पट धरला तर जमिनीखालून येणाऱ्या पाण्याचा अंदाज थेट अर्धा होतो. दुसऱ्या अंगणातला हापसा दुप्पट असणारच नाही असं मी आज म्हणू शकत नाही. आलेख बदलून एका रेषेऐवजी रुंद पट्टा काढला. पट्टा कुरूप दिसतो, पण खरा आहे.

सप्टेंबरच्या तिसऱ्या खेपेत किमान बारा उथळ हापसे, काकद्वीप ते नामखाना, आणि काठाच्या चिखलात, आतलं पाणी काढायला, तीन छिद्रनळ्या. त्या हापशांची यादी करायचं काम सहायकाने आपणहून घेतलंय. काल त्याने फोटो पाठवले : प्रत्येक हापसा, मागे घर, पुढे भांडी. कुठल्या पाण्यात भात शिजतो आणि कुठल्यात फक्त ताट धुतात, हे त्याने प्रत्येकाखाली लिहिलंय. क्षारतेचा मीटर न लावता.

१३ मे

सामानाची यादी : फायबर ६० पिशव्या (घाण्यावर बसून राहायचं, फोन बाहेर), कार्ट्रिजा ८०, हीलियम दोन सिलिंडर, छिद्रनळ्या ३, ब्लँक दर दिवशी एक. डिस्टिल्डच्या कॅनना लाल झाकणं, बाकी कुठल्याच कॅनला लाल नाही.